दुभाष्या

गदगचे ब्रदर देवपुत्रप्पा महिन्यातून एकदा येत
लोंढ्यावरून, दुपारच्या पॅसेंजरने,
खानापुरात कौलांच्या भट्टीमागे
आमच्या पत्र्याच्या प्रार्थनागृहात.
ते कन्नडात संदेश देत,
मी त्यांच्या डाव्या हाताला उभा राहून मराठीत.
हे काम गावात कुणालाही जमलं असतं,
पण माझा आवाज मोठा, आणि शनिवारी मला सुट्टी.

पुष्कळ भाकितं मी अशी वाहून नेली,
भरली घागर न्यावी तशी, जरा हिंदकळत.
सामसनला मस्कतचा व्हिसा.
नंदगडच्या जोडप्याला मूल, तेही जुळं.
कुणाच्या पित्ताशयातला खडा विरघळेल.
काही झालं, काही नाही.
जे झालं त्याची साक्ष झाली,
जे नाही झालं ते मागच्या बाकावर जाऊन बसलं
आणि पुढच्या महिन्यापासून आलंच नाही.
एकदा एका पोराने विचारलं,
आपला तालुका शेवटी कुठल्या राज्यात जाणार?
ब्रदरनी पाणी मागितलं.
ते वाक्य मात्र मी अचूक उतरवलं: पाणी आणा.

शलोमीबाई सोजे पुढे आल्या, तो उपासाचा दिवस.
त्यांचा उल्हास वास्कोला बोटीवर गेला होता.
दारात चप्पल घालताना म्हणाला, येतो.
आपण जाताना असंच म्हणतो.
त्याला चौदा महिने झाले होते.

ब्रदरनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.
बराच वेळ काही नाही. पंखा,
आणि भट्टीकडून ओल्या मातीचा वास.
नंतर अगदी हळू:
निन्न मग बर्तान.

तिकडे मग म्हणजे मुलगा.
आपल्याकडे मग म्हणजे नंतर, अजून नाही.
तुझा मुलगा येईल.

की ते म्हणाले, बर्ताना?
येईल का?
एका कान्याचा फरक.
आणि मला वाटलं, काना होता.
मला वाटलं, ते देवाला विचारत होते,
किंवा देव त्यांना.

मी म्हणालो, तुझा मुलगा येईल.
पूर्णविराम माझा.
मंडळी आमेन म्हणाली, पत्रा थरथरला.

अकरा वर्षं झाली.
ब्रदर प्रभूत निजले.
पाळकसाहेब सांगतात, संदेश नाण्यासारखा वाजवून घ्यावा.
बरोबर आहे.
पण ज्या दगडावर वाजवायचा
तो मीच गिळून बसलो, हे कुणाला सांगू?
आता मोबाइलवर रोज पहाटे कुणी ना कुणी संदेष्टा येतो,
बटण दाबा, आशीर्वाद घ्या.
शलोमीबाई दाबत नाहीत.
रात्री एक भाकरी जास्त थापतात
आणि सकाळी चहात मोडून खातात.

मागल्या आठवड्यात बाजारात
त्यांच्या रताळ्यांच्या ढिगाशी उकिडवा बसलो
आणि सगळं ओकून टाकलं. काना. पूर्णविराम.
त्या काही बोलणार, एवढ्यात गिऱ्हाईक आलं.
त्याच्याशी त्यांनी घासाघीस केली, कन्नडात,
झरझर, धारवाडकडच्या बाईसारखी.
मी बघतच राहिलो.

म्हणजे तुम्हाला तेव्हा...

"तीस वर्षं इथं बसते रे मी."
त्यांनी तागडीतली माती पदराने पुसली.
"त्यांचंही ऐकलं, तुझंही ऐकलं.
दोघांत रडत होतास तो तू."

एवढंच.
खरं काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही,
मी विचारलंही नाही.
दोन रताळी त्यांनी माझ्या पिशवीत टाकली,
पैसे घेतले, मोजून.

उठलो. सवयीने म्हणालो, येतो,
आणि जीभ चावली.
त्यांनी मान वर केली. उन्हामुळे डोळे बारीक.

"मग?"

इतकी वर्षं दोन भाषांच्या मधोमध उभा राहिलो,
पण त्या कुठल्या भाषेत म्हणाल्या
ते मला सांगता येणार नाही.